खुब्याचा सव्वा महिना



मंडळाचं वय किती झालं हे मंडळाच्या घटनेवरून कळत नाही, मध्यंतरातल्या बटाटेवड्याच्या रांगेवरून कळतं. आम्ही प्लेनोला आलो तेव्हा त्या रांगेत एच-वन आणि ग्रीन कार्डाच्या गप्पा चालत. मग कुठला स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला, मग एस.ए.टी.चे मार्क, मग मुलामुलींची लग्नं. यंदा गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या पुढे उभे असलेले दोघे एकमेकांना विचारत होते, "तुमचा कुठला? डावा की उजवा?" आणि दोघांपैकी कोणालाही प्रश्न समजावून सांगावा लागला नाही.

ई.डी.एस., टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि रिचर्डसनच्या टेलिकॉम कंपन्यांच्या ओढीनं या भागात आलेली आपली पिढी आता पासष्टी-सत्तरीत आहे. गुडघ्यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, म्हणून या वेळी खुब्याबद्दल लिहितो. आमच्या घरी गेल्या वर्षी हिचा डावा खुबा बदलला, त्यामुळे विषय पुस्तकी नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. आम्ही डॉक्टर नाही. खाली लिहिलेलं तुमच्या सर्जनच्या सांगण्याशी जुळलं नाही, तर सर्जनचं ऐकायचं, आमचं नाही.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणत. मधली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. जांघेत कळ येते, मोजे घालता येत नाहीत, रात्री कूस बदलता येत नाही. यावर कृत्रिम गोळा आणि वाटी बसवायचं आजचं ऑपरेशन रुळवलं ते इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या सर्जननं. त्यानं आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवून पाहिल्या, पण त्या काही वर्षांतच झिजल्या. मग १९६२ साली राइटिंग्टनच्या इस्पितळात त्यानं धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी बसवली आणि ती टिकली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं २००७ साली या ऑपरेशनला शतकातलं ऑपरेशन म्हटलं. त्याच साप्ताहिकात २०१९ साली आलेल्या पाहणीप्रमाणे बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. सत्तरीत बसवलेला खुबा बहुतेकांना जन्माला पुरतो.

म्हणजे ऑपरेशनचं फार भय बाळगायला नको. आमच्या मते काळजी करायची ती त्यानंतरच्या घराची.

पूर्वी आठ-दहा दिवस इस्पितळात ठेवत. आता बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. मेडिकेअरनं २०२० च्या जानेवारीपासून हे ऑपरेशन 'ॲडमिट करूनच' करायच्या यादीतून काढलं. यात वाईट काही नाही. माणूस लवकर चालतो, इस्पितळातलं इन्फेक्शन टळतं. पण पूर्वी जे काम नर्स करायची, ते आता घरच्यांवर येतं, आणि ते करायला घरी कोण आहे हा प्रश्न इस्पितळ आपल्यावर सोडतं.

म्हातारपणीचं बाळंतपण

हिच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिले सहा आठवडे जपायचे, असं सर्जननं सांगितलं होतं. ही म्हणाली, "सहा आठवडे म्हणजे सव्वा महिनाच की!" आणि एकदम सगळं सोपं झालं. बाळंतपण कसं करायचं हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. खोली आधी तयार करायची. डिंकाचे लाडू आधी करून ठेवायचे. कोण कधी येणार ते ठरवायचं. बाळंतिणीनं जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि आल्यागेल्याला चहा करायला उठायचं नाही. हे सगळं खुब्यालाही जसंच्या तसं लागू.

फरक तीन आहेत आणि ते घरातल्या मोठ्या माणसांना आधीच समजावून सांगा. पहिला, इथे बाजेवर पडून राहायचं नाही. ऑपरेशनच्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. नंतर घरी दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं चालायचं आणि पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली करत राहायचं, म्हणजे रक्त साकळत नाही. दुसरा, शेक-शेगडी नाही. सुजेला बर्फ. फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवली तरी चालते. तिसरा, तेल-मालिश नाही. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि टाक्यांना तेल लागणं तर मुळीच नको. "जरा चोळून देते, मोकळं वाटेल" असं प्रेमानं म्हणणाऱ्या मावशींना तितक्याच प्रेमानं नको म्हणा.

घर आधी, ऑपरेशन नंतर

प्लेनोतलं आपलं घर म्हणजे साधारण दुमजली. गल्लीकडून मागच्या बाजूला गराज, गराजमधून घरात यायला एक-दोन पायऱ्या, आणि निजायच्या खोल्यांपैकी निम्म्या वर. मास्टर बेडरूम खाली असेल तर उत्तम. नसेल तर ती फॉर्मल डायनिंग रूम, जी आपण दिवाळीलाच उघडतो, तिथलं टेबल बाजूला करून पलंग टाका. पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा खालीच राहील.

गालिचे, पायपुसणी, दिव्यांच्या वायरी, नातवंडांचे लेगो उचला. आणि आपल्या घरांत एक खास सापळा असतो, दारातला चपला-बुटांचा ढीग. वॉकरचा पाय त्यात अडकला की माणूस आडवाच. ढीग गराजमध्ये हलवा. आपण घरात बूट घालत नाही, पण नुसत्या मोज्यांनी टाइल्सवर पाय घसरतो आणि सपाता पायातून निसटतात. यावर हिनं काढलेला तोडगा असा, की मागून बंद असलेले, रबरी तळव्याचे नवे कोरे बूट आणायचे आणि ते फक्त घरातच घालायचे. देवघरालाही चालतात, बाहेरची धूळ लागलेली नाही!

बाथरूममध्ये कमोडवर उंच सीट, भिंतीला पक्की दांडी, शॉवरमध्ये बसायला खुर्ची आणि न घसरणारी मॅट. टॉवेल लटकवायची दांडी ही धरायची दांडी नव्हे, ती हातात येते. शौचानंतर पाण्यानं धुवायची आपली सवय आहे. तांब्या घेऊन मागे वळताना कंबर पिरगळते. कमोडशेजारी हँड-शॉवर बसवून घ्या, त्याचा हा सव्वा महिनाच काय, पुढेही उपयोग होतो. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटे दिवे लावून ठेवा. चष्मा हाताशी ठेवा.

स्वयंपाकघरात कुकर, कढई, कणकेचा डबा असतो खालच्या कपाटात. तो सगळा संसार आठवडाभर आधी ओट्यावर काढा. वॉकर धरलेल्या माणसाच्या हातात चहाचा कप देऊ नका. वॉकरला कापडी पिशवी बांधा, त्यात फोन, चष्मा, पाण्याची झाकणाची बाटली. फोन कायम जवळ हवा, बाथरूममध्येसुद्धा. फ्रीजर आमट्या, उसळी आणि पराठ्यांनी भरून ठेवा. प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, टाके त्यावरच भरतात. डिंकाचा लाडू जरूर, पण दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. तेव्हा पाणी भरपूर, फळं-भाज्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध नेमानं.

पायघोळ गाऊन, लांब ओढणी, पाचवारी साडी वॉकरमध्ये अडकते. घोट्याच्या वर राहील असा गाऊन किंवा सैल पायजमा. कपडे घालताना दुखरा पाय आधी घालायचा, काढताना तोच शेवटी. लांब दांड्याचा चिमटा आणि लांब शू-हॉर्न ही दोन स्वस्त हत्यारं आहेत. खाली पडलेली लाटणी, पेपर, औषधाची डबी वाकून उचलायची नाही, चिमट्यानं उचलायची.

मांडी, पाट आणि नमस्कार

नवा गोळा वाटीतून निसटू नये म्हणून काही पथ्यं असतात. ऑपरेशन मागच्या बाजूनं केलं असेल तर साधारण तीन. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. समोरून केलं असेल तर पथ्यं वेगळी आणि बहुधा कमी असतात, त्यात पाय फार मागे नेणं टाळायला सांगतात. म्हणून पहिला प्रश्न सर्जनला हा विचारा, "कुठल्या बाजूनं, आणि माझी पथ्यं कोणती, किती आठवडे?" उत्तर लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा. सहापासून बारा आठवड्यांपर्यंत काहीही सांगू शकतात.

आता आपली दिनचर्या पाहा. पाटावर बसून पूजा, जमिनीवर मांडी घालून भाजी निवडणं, उकिडवं बसून खालचा ड्रॉवर आवरणं, खोल सोफ्यात रुतून टी.व्ही. बघणं, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार. यातली प्रत्येक गोष्ट त्या काटकोनाच्या पलीकडची. अमेरिकन थेरपिस्टनं दिलेल्या छापील कागदावर यातलं एकही नाव नसतं, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं की पथ्य फक्त 'वाकू नका' एवढंच आहे. थेरपिस्टला पाट आणि मांडी प्रत्यक्ष करून दाखवा आणि हे पुन्हा कधी जमेल, जमेल का, ते विचारा. काहींना काही महिन्यांनी परवानगी मिळते, काहींना कधीच नाही. देव खुर्चीवरून केलेली पूजा नाकारत नाही. देव्हारा टेबलावर आला की झालं.

झोपताना पाठीवर, दोन पायांच्या मध्ये उशी. उभं असताना वळायचं झालं तर दुखऱ्या पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. आमच्या नातीनं याचं 'चांगला वर, दुखरा खाली' असं गाणं केलं आणि आजीच्या प्रत्येक पायरीला ते मोठ्यानं म्हटलं. थेरपिस्टपेक्षा तिचा धाक जास्त.

गाडीत बसताना सीट मागे सरकवा, आधी पाठ करून टेका, मग दोन्ही पाय बरोबर आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की घसरत वळता येतं. गाडी सुरू करायच्या आधी ती पिशवी काढून टाका. मोटरवर उठणारी रिक्लायनर खुर्ची कोणी सुचवेल. चांगली असते, पण २०२१ च्या फेब्रुवारीतली थंडी आठवा. टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली होती. वीज नसताना त्या खुर्चीतून कसं उठायचं ते घेण्याआधी बघा.

गोळ्यांचा डबा

आपल्या प्रत्येक घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांचा एक डबा असतो. तो या दिवसांत कुलपात ठेवा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ते घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. क्रोसिन आणि इथली टायलेनॉल ही एकच चीज, आणि इस्पितळानं दिलेल्या कडक गोळीतही पुष्कळदा तीच मिसळलेली असते. तिन्ही मिळून दिवसाला ४,००० मिलिग्रॅमच्या वर कधीच जाता कामा नये. डॉक्टर बहुधा त्याहून कमीच सांगतात. हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल, लसणाच्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक औषधं, सगळ्यांची यादी ऑपरेशनआधीच डॉक्टरांना द्या. "ते काय, घरचंच आहे" म्हणून वगळू नका.

रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. कडक गोळ्या मात्र गरजेपुरत्याच, आणि उरल्या तर घरात ठेवायच्या नाहीत. फार्मसीत परत घेतात का विचारा.

दुखणं दहापैकी किती, असं नर्स विचारते. आपली माणसं इथे मार्क देताना फार कंजूष. आत ओठ चावत असतील आणि बाहेर "टू, टू" म्हणतील. दुखणं दाबून ठेवलं की चालणं होत नाही, आणि चालणं झालं नाही की गुठळीची भीती. खरा आकडा सांगायला लावा. घरातल्या आजी-आजोबांना इंग्रजी जड जात असेल तर इस्पितळानं दुभाषा फुकट द्यायचा असतो, फोनवरचा का होईना. हिंदीवर भागवू नका, मराठी मागा.

कोण थांबणार?

आता मुख्य गोष्ट. पश्चिम प्लेनोत आमचे एक स्नेही राहतात. वय ७४. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा सिॲटलला, मुलगी बॉस्टनला. तीन वर्षं ते मंडळाच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसत आणि सगळे उठून गेल्यावर उठत. कोणी विचारलं तर म्हणत, "तारीखच मिळत नाही हो ऑपरेशनची." तारखेची अडचण नव्हती. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, पहिले काही दिवस तुमच्याबरोबर घरी कोण राहील? ती ओळ त्यांनी कोरी ठेवली होती. आणि ती कोरी आहे तोवर तारीख नाही. तीन वर्षं हा माणूस वेदना सोसत होता ते एका रिकाम्या ओळीसाठी.

हे कळलं ते मुलाच्या फोनमुळे. मग सहा घरं जमली. पहिला आठवडा मुलगा येणार, दुसरा मुलगी. दोघांची दिवसा ऑफिसची कामं लॅपटॉपवर चालू, म्हणून सकाळी आठ ते बारा एक घर, बारा ते चार दुसरं. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारचा डबा आणि सकाळ-संध्याकाळ फोन. काका ऐकेनात. "कशाला सगळ्यांना त्रास?" तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माझ्या पहिल्या वेळेला माझी आई व्हिसा न मिळाल्यानं येऊ शकली नव्हती. ताईंनी सव्वा महिना रोज डबा पाठवला होता. मुद्दल राहू द्या, व्याज तरी फेडू द्या." काका काही बोलले नाहीत. फॉर्म मात्र दुसऱ्या दिवशी भरून गेला. आज ते काठीशिवाय चालतात.

आपण देणारे म्हणून फार चांगले आहोत. मागणारे म्हणून कच्चे. 'कोणाला सांगू नका हं' हे वाक्य खुब्यापेक्षा जास्त झिजलेलं आहे, ते आता बदलायला हवं.

पैशाचे आणि कायद्याचे मुद्दे थोडक्यात. मेडिकेअरला वाटतं तेवढं येत नाही. घराबाहेर पडणं अवघड असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून नर्स आणि थेरपिस्ट काही काळ घरी येतात, त्याचा खर्च मेडिकेअर करतं. दिवसभराची सोबत, स्वयंपाक, घरकाम यांचा करत नाही. वॉकर आणि कमोड-खुर्चीचे ८० टक्के मिळतात, वर्षाची ठरलेली रक्कम आपण भरल्यानंतर. उंच सीट, शॉवरची खुर्ची आणि भिंतीची दांडी आपल्या खिशातून. 'घरी जमलं नाही तर रिहॅबला जाऊ' असं कोणी म्हणत असेल तर जुन्या धर्तीच्या मेडिकेअरचा नियम असा, की त्याआधी सलग तीन दिवस रीतसर ॲडमिट असावं लागतं. एक रात्र काढली तरी कागदोपत्री तुम्ही आउटपेशंटच असू शकता, आणि मग रिहॅबचं बिल तुमचं. ॲडव्हांटेज प्लॅनचे नियम निराळे, फोन करून विचारा. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये असं जुनं दुखणं सहसा बसत नाही.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. १९९३ च्या रजेच्या कायद्याप्रमाणे आजारी आई-वडिलांच्या सेवेसाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. कंपनीत ५० माणसं हवीत, आपली नोकरी वर्षाची हवी आणि त्या वर्षात १,२५० तास भरलेले हवेत. गरजेप्रमाणे ती तुकड्यातुकड्यानंही घेता येते, आणि आधी माहीत असेल तर ३० दिवस आधी कळवावं लागतं. पण गंमत बघा, हा कायदा सासू-सासऱ्यांना धरत नाही! आपल्याकडे 'सून घेईल सुट्टी' असं सगळे गृहीत धरतात. अमेरिकन सरकारनं ही जबाबदारी मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात घातली आहे. चिरंजीवांनी हे वाक्य कापून ऑफिसातल्या टेबलावर लावावं.

फ्रीजवर लावायचा कागद

पुढची लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. छातीत दुखलं, अचानक धाप लागली, तर थेट ९११. पोटरी किंवा मांडी दुखते, सुजते, लाल होते, तर लगेच सर्जनला फोन, रात्र असली तरी. अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, त्यावर भार देता येईना, तर गोळा निसटला असू शकतो. हलवाहलव करायची नाही, ९११. जखम जास्त लाल, गरम, ओली झाली, त्यातून पू आला, किंवा १०० च्या वरचा ताप हटेना, तर फोन. आणि पडझड झाली तर काही दुखत नसलं तरी फोन. "उद्या सकाळपर्यंत बघू" ही आपली सवय इथे महागात पडते.

भेटायला येणाऱ्यांसाठीही दोन ओळी. सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, फोन करा. आलात तर डबा घेऊन या, वीस मिनिटं बसा, आणि चहा स्वतः करून त्यांनाही द्या.

सव्वा महिन्यानंतर

गाडी कधी चालवायची ते सर्जन सांगेल, आणि कडक गोळ्या चालू आहेत तोवर नाहीच. तोपर्यंत लाल रंगाचा तात्पुरता पार्किंगचा फलक काढून घ्या. डॉक्टरांची सही, ५ डॉलर फी, काउंटीच्या टॅक्स ऑफिसात मिळतो आणि सहा महिन्यांपर्यंत चालतो. प्लेनोचा बहुतेक भाग कॉलिन काउंटीत येतो. देवळाच्या आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये त्याची किंमत कळते.

चालायला चिझम ट्रेल चांगला, सपाट आणि पक्का. आर्बर हिल्समध्ये चढउतार आहे, तो नंतर. उन्हाळ्यात पारा शंभरीच्या वर असतो, तेव्हा उजाडता निघा आणि आठच्या आत परत या. दातांच्या डॉक्टरांना नव्या खुब्याबद्दल जरूर सांगा. विमानतळावर यंत्र वाजेल, त्याला इलाज नाही, पाच मिनिटं जास्त धरून जा. भारताच्या लांब प्रवासाची तारीख मात्र सर्जनला विचारूनच काढा.

शेवटी एक सुचवणं. मंडळानं दोन याद्या कराव्यात. एक वस्तूंची. सव्वा महिना वापरून गराजमध्ये धूळ खात पडलेले वॉकर, उंच सीट, शॉवरच्या खुर्च्या किती घरांत आहेत? त्या स्वच्छ करून एकमेकांना देता येतील. दुसरी यादी माणसांची. कोण आठवड्यातून एक सकाळ देऊ शकेल, कोण डबा देईल, कोण थेरपीला गाडीनं नेईल. आमची दोन नावं पहिल्या यादीत वॉकरसमोर आणि दुसऱ्या यादीत मंगळवार-गुरुवार सकाळसमोर लिहून घ्यावीत. ही पोळ्या करते, आम्ही गाडी चालवतो. फॉर्मवरची ती ओळ आपल्यातल्या कोणाचीही कोरी राहायला नको.

पुढच्या अंकात भेटूच. जपून चाला, कठडा धरा.